शिवारात अळी नाही

स्टारड्यू व्हॅली या व्हिडिओ गेममध्ये शेतमाल विकायची रीत अशी आहे: दिवसभरात जे काढलं असेल ते घराशेजारच्या लाकडी पेटीत टाकायचं आणि झोपायला जायचं. रात्री गावचे मेयर लुईस येऊन पेटी रिकामी करतात. सकाळी डोळे उघडायच्या आत पैसे जमा. काटा नाही, तोलाई नाही, हमाली नाही, ‘माल जरा ओला वाटतोय’ म्हणून नाक मुरडणारा व्यापारी नाही. भाव तर ठरलेलाच. पार्सनिप नावाचा एक पांढरा, गाजरवजा कंद असतो, तो साधा असेल तर ३५ नाण्यांना एक. एक टाका नाहीतर हजार टाका, ३५ म्हणजे ३५. आवक वाढली आणि भाव कोसळला, असं या खोऱ्यात कधी घडलेलं नाही.

हे सगळं आमच्या निफाडकडच्या काकांना भाचीने एकदा दाखवलं. काकांची हयात कांद्यात गेलेली. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि लॅपटॉपकडे बराच वेळ पाहत राहिले.

“फवारणी कधी मारती गं?”

“फवारणी नसते आजोबा.”

“मावा, करपा, अळी?”

“अळी नसतेच. कावळे येतात थोडे. पण बुजगावणं लावलं की तेही नाही.”

“पावसाचं काय?”

“उद्या पाऊस आहे का ते टीव्हीवर सांगतात.”

“आन् येतो?”

“येतोच.”

काकांनी चष्मा काढून मिटला. “मंग यात हाये काय?”

“आजोबा, खूप रिलॅक्सिंग असतं हे,” भाची म्हणाली. काका गप्प झाले. शेती आणि रिलॅक्सिंग हे दोन शब्द त्यांच्या कानांवर एकत्र पहिल्यांदाच पडले असावेत.

हा गेम एकट्या माणसाने केलेला आहे. एरिक बरोन त्याचं नाव, अमेरिकेतल्या सिएटल भागातला. २०११ मध्ये संगणकशास्त्राची पदवी घेतली, नोकरी मिळेना, तेव्हा हात बसावा म्हणून एक लहानसा गेम करायला घेतला. अधूनमधून एका नाट्यगृहात प्रेक्षकांना त्यांची जागा दाखवण्याचं काम करायचा. लहानपणी त्याला ‘हार्वेस्ट मून’ या जपानी गेमचं वेड होतं. तो १९९६ सालचा, यासुहिरो वादा यांनी काढलेला. वादा मूळचे क्यूशूतल्या मियाझाकीचे; नोकरीसाठी तोक्योत आले आणि मग मागे राहिलेल्या खेड्याचं मोल त्यांना कळलं. (गाव सोडल्याशिवाय गाव आवडत नाही, हा नियम जपानलाही लागू आहे तर.) बरोनने कोड स्वतः लिहिला, चित्रं स्वतः काढली, संगीत रचलं, गावातल्या एकूण एक माणसाच्या तोंडचे संवाद लिहिले. साडेचार वर्षं, बहुतेक दिवस दहा तास किंवा जास्तच. फेब्रुवारी २०१६ मध्ये गेम बाहेर आला आणि २०२४ संपेपर्यंत त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या. चार कोटी लोकांना विसावा मिळावा म्हणून या गृहस्थाने किती जागरणं केली असतील, याचा हिशेब कुणी विचारत नाही.

गोष्ट तशी साधी. नायक किंवा नायिका जोजा नावाच्या अवाढव्य कंपनीत खुराड्याएवढ्या जागेत बसून संगणक बडवत असते. एक दिवस जीव अगदी विटतो, तेव्हा ती मरणशय्येवरच्या आजोबांनी दिलेलं बंद पाकीट उघडते. आत पत्र आणि शेताची मालकी. इथे मराठी माणूस थबकतो. दुसरे वारस नाहीत? चुलत्यांची सही नको? बांधावरून कुणी कोर्टात गेलेलं नाही? नाही. सातबाऱ्यावर एकच नाव. मी तर म्हणतो, या गेममधली खरी अद्भुतरम्य गोष्ट गुहेतली भुतं किंवा रानातल्या वनदेवता नव्हेत. वाटणी न होता मिळालेलं आजोबांचं शेत, ही आहे.

तर काकांचा प्रश्न. यात आहे काय?

कष्ट आहेत, आणि भरपूर आहेत. दगड फोडायचे, झाडोरा काढायचा, कुदळीने चौकोन चौकोन जमीन उकरायची, एकेका रोपाला झारीने पाणी घालायचं. गायीला रोज गोंजारायचं, नाहीतर तिचा जीव तुमच्यावरून उडतो. सुरुवातीला हातात ५०० नाणी आणि मेयरने भेट दिलेली १५ पार्सनिपची बियाणं, एवढ्यावर संसार. अंगातलं बळ संपलं की पावलं जड होतात. म्हणजे घाम सगळा शाबूत ठेवलाय. बरोनने काढून टाकलाय तो घोर. चार दिवसांत येणारं पार्सनिप चार दिवसांतच येतं. टीव्हीवरचा पाऊस पडतो. पेटीतला माल ठरल्या भावाने जातो. काकांना शेतीने थकवलं ते कुदळीने थकवलं नाही, भर गारपिटीत आभाळाकडे बघत उभं राहण्याने आणि बाजार समितीत लिलाव पुकारला जाताना कानात प्राण आणण्याने थकवलं. ते वजा केलं तर शेती खरोखरच रिलॅक्सिंग आहे. भाची चुकीचं बोलत नव्हती.

इथवर गणित सुटतं. पण मग खेळणाऱ्यांची मतं ऐकायला गेलं की ते पुन्हा अडतं.

आमच्या भाचीचंच घ्या. ती सीएची आर्टिकलशिप करते. दिवसभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासून आली की ‘डोकं शांत करायला’ स्टारड्यू उघडते आणि शेजारी एक्सेल. स्टारफ्रूटचं बियाणं ४०० ला, फळ १३ दिवसांनी, ७५० ला. तेच पिंपात घालून वाइन केली तर २२५०. मग पिंपं किती, जागा किती, एका चौकोनामागे रोजचा नफा किती. तिच्या शेतात चालायला पायवाट नाही. पायवाट म्हणजे वाया गेलेली जमीन. तिचं मत विचारलं तर, “खूपच निवांत गेम आहे मामा.” मी तिच्या कपाळावरच्या आठ्या मोजायच्या सोडून दिल्या आहेत.

बँकेतला एक मित्र आहे, तो नेमका उलट्या टोकाचा. त्याच्या शेतात अजून रान माजलेलं आहे. तो सकाळी उठून गळ घेतो आणि समुद्रावर जातो. गेममधली मासेमारी हा खेळणाऱ्यांमधला मोठ्या भांडणाचा विषय आहे. पडद्यावर एक हिरवी पट्टी वरखाली नाचवत माशाच्या चित्रामागे ठेवावी लागते; मासा उसळ्या मारतो, पट्टी घसरते, मासा जातो. अर्धे लोक म्हणतात की शांत गेममध्ये हा छळ कशासाठी; उरलेले म्हणतात की गेममध्ये जीव आहे तो एवढ्याच भागात. मित्र दुसऱ्या पक्षाचा. त्याच्या सौभाग्यवती तिसऱ्याच: त्या फक्त कोंबड्या पाळतात. “रोज एकदा हात फिरवला की खूश होतात, उलट उत्तर देत नाहीत,” असं त्या दोन्ही मुलांसमोर मोठ्याने सांगतात. खोऱ्यात कोंबडी विकता येते, पण कापता येत नाही. एवढी एक गोष्ट मित्राला खटकते.

सगळ्यांची तक्रार एकच आणि ती घड्याळाची. खेळातला दिवस सकाळी सहाला उजाडतो आणि रात्री दोनला मिटतो. आपल्या घड्याळाने हा सगळा दिवस जेमतेम चौदा मिनिटांचा. खोऱ्यातली दहा मिनिटं म्हणजे आपले सात सेकंद. दोनच्या आत अंथरुणात शिरला नाहीत तर जिथे असाल तिथे धाडकन पडता, थोडेफार पैसे जातात, आणि सकाळी तुम्हाला कुणी उचलून आणलं याची चिठ्ठी येते. त्यामुळे दीड वाजता दूरच्या खाणीतून घराकडे जीव मुठीत धरून पळणारी माणसं मी पाहिली आहेत. चर्चगेटची शेवटची गाडी पकडणाऱ्यांच्या चेहऱ्यावर हा भाव असतो. आणि नोकरीतल्या धावपळीला कंटाळून शेती करायला आलेल्या नायकाची ही गोष्ट, बरं का.

शिवाय एक खोडी अशी की गेम जतन होतो तो फक्त झोपल्यावर. मध्येच उठलात तर त्या दिवसाचं सगळं पाण्यात. म्हणून दिवस संपवावा लागतो. दिवस संपवला की सकाळ होते, आणि सकाळी पेटीतले पैसे आलेले असतात, फुलकोबी तयार झालेली असते, टीव्हीवर पाऊस सांगितलेला असतो. आता उठायचं कसं? ‘एवढा एक दिवस’ म्हणत म्हणत खोऱ्यात वसंत संपतो आणि खिडकीबाहेर दूधवाल्याची सायकल वाजते.

गावातल्या राजकारणावरून तर लोक खरोखर भांडतात. गावात पडकं समाजमंदिर आहे. ते उभं करायचं तर आपल्या शेतातली, नदीतली, रानातली एकेक चीजवस्तू गोळा करून ज्युनिमो नावाच्या चिमुकल्या वनदेवतांना वाहायची. नाहीतर दुसरा मार्ग: जोजाच्या दुकानाचं ५००० नाण्यांचं सभासदत्व घ्यायचं. मग समाजमंदिराचं गोदाम होतं, आणि जे देवतांनी करायचं ते पैसे मोजून होतं. बहुतेक जण निष्ठेने समाजमंदिरच निवडतात आणि जोजावाल्यांकडे फितूर असल्यासारखं पाहतात. दहा मिनिटांत कोथिंबीर दारात हवी म्हणून मोबाइल घासणारी ही माणसं खोऱ्यात शिरली की छोट्या दुकानदाराच्या बाजूने छाती पुढे काढतात. त्यातही गंमत अशी की तो छोटा दुकानदार, पियेर, त्यांना मुळीच आवडत नाही. तुम्ही पिकवलेल्या मालाची वाहवा तो स्वतःच्या नावावर खपवतो. त्याच्यावर जितकी आगपाखड होते तितकी गेममधल्या राक्षसांवरही होत नाही. पण तत्त्व म्हणजे तत्त्व, बियाणं त्याच्याकडूनच. (ते जोजापेक्षा स्वस्तही मिळतं, पण तत्त्वाची चर्चा चालू असताना हे कुणी काढत नाही.)

लग्नाचा विषय मी टाळतो. गावात लग्नाला तयार अशी बारा मंडळी आहेत आणि प्रत्येकाच्या आवडीच्या भेटवस्तू पाठ असलेले लोक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांतल्या काहींना बायकोचा वाढदिवस आठवत नाही.

निन्टेन्डोच्या ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ या अशाच निवांत गेमची गोष्ट याहून मजेशीर आहे. तो आला २० मार्च २०२० ला, जग घरात कोंडलं जात होतं नेमका तेव्हा. दार उघडायची बंदी असलेल्यांना त्याने एकेक बेट दिलं. तिथे टॉम नूक नावाचा प्राणी घरासाठी कर्ज देतो. पहिलं कर्ज ९८,००० बेल्सचं; बेल्स म्हणजे तिथली नाणी. व्याज नाही, मुदत नाही, तगादा नाही. जन्मभर फेडलं नाहीत तरी तो रोज तितकंच गोड बोलतो. असं कर्ज पृथ्वीच्या पाठीवर कुठली बँक देत नाही. तरी खेळणारे त्याला पाठीमागे सावकार म्हणतात, लुटारू म्हणतात. कर्ज देणाऱ्याला नावं ठेवल्याशिवाय कर्ज घेतल्यासारखं वाटत नसावं.

आणि त्या बेटावर सलगम आहेत. दर रविवारी सकाळी डेझी मे नावाची रानडुकराची पोर ते विकायला येते, नव्वद ते एकशेदहा बेल्सच्या दरम्यान कुठल्याशा भावाने. मग सोमवार ते शनिवार दुकानातला भाव दिवसातून दोनदा बदलतो. शनिवारपर्यंत विकले नाहीत तर पुढच्या रविवारी सगळे कुजलेले. याला काय म्हणायचं ते लासलगावात कुणालाही विचारा. तर जगभरची कोंडलेली माणसं या सलगमांच्या भावामागे वेडी झाली. कुणाच्या बेटावर भाव चढला की बाकीचे पिशव्या भरून तिकडे रांगा लावत. फुलं लावायला, मासे पकडायला, नुसतं झाडाखाली बसायला एवढं बेट मोकळं पडलं होतं. लोक शनिवारी दुपारी कपाळाला हात लावून ‘कालच विकायला हवे होते’ म्हणत बसले होते. घोर त्यांनी स्वतःच्या हौसेने घेतला होता.

स्टारड्यूमध्येही बेट आलं, त्याच वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये. जिंजर आयलंड. तिथे जाणं सोपं नाही. आधी गाव मार्गी लावायचं. मग विली नावाच्या कोळ्याची जुनी होडी दुरुस्त करायला कठीण लाकडाचे २०० ओंडके, इरिडियमच्या पाच विटा आणि पाच बॅटऱ्या आणून द्यायच्या. त्यानंतरही प्रत्येक खेपेला तिकीट १००० नाणी. एवढं करून उतरलात की समोर नारळीची झाडं, निळं पाणी, मागे ज्वालामुखी, पोपटांनी सांभाळलेला लिओ नावाचा एक बुजरा पोरगा, आणि पश्चिमेला शेत. या शेताची ख्याती अशी की इथे हिवाळा फिरकत नाही.

त्याचं महत्त्व खोऱ्यात राबलेल्यालाच कळेल. खोऱ्यात २८ दिवसांचा एक ऋतू. २८ तारखेच्या रात्री शेतात वसंतातलं पीक उभं असेल, तर एक तारखेच्या सकाळी ते काळवंडून मेलेलं. बाकी सगळा घोर काढून टाकणाऱ्या बरोनने हा एक काटा ठेवला होता. बेटावर तोही नाही. अननस लावा, आंबा लावा, स्टारफ्रूट लावा. वर्षभर पिकत राहणार. काचघरात ही सोय आधीही होती, पण ते चार भिंतींतलं. इथे उघड्या आभाळाखाली, समुद्राच्या वाऱ्यात. इथवर आलेल्या खेळाडूकडे पाणी मारायला स्वयंचलित फवारे असतात, पिंपं भरलेली असतात, खात्यात लाखो नाणी असतात. विसावा म्हणतात तो हाच असायला हवा.

आणि बेटावरून मतं दुभंगतात ती इथेच. एक पक्ष म्हणतो, स्वर्ग. दुसरा म्हणतो, कंटाळा. दुसऱ्या पक्षात बहुमत असावं, असा माझा अंदाज. “घरी कोंबड्या वाट बघत असतात, इथे माझं अडलंय कुणाचं?” असं मित्राच्या सौभाग्यवतींनी बेट एकदाच बघून सांगितलं. भाची तर दुसऱ्याच दिवशी म्हणाली की बेटावर करायला काही नाही.

बरोनला हे ठाऊक असावं. त्याने बेटावर १३० सोनेरी अक्रोड दडवून ठेवले. काही झुडपात, काही वाळूखाली, काही माशाच्या गळाला, काही पावसाच्या दिवशी येणाऱ्या जलपरीच्या कोड्यात. एका गुहेत अवाढव्य खादाड बेडूक बसलाय. त्याला कलिंगडाच्या जातीचं फळ, गहू आणि लसूण पिकवून दाखवला की तो अक्रोड देतो. रस्त्यात कासव झोपलंय, ते हलवायला पोपटांना दहा अक्रोड. शंभर झाले की एका गुप्त खोलीचं दार उघडतं, आणि त्या खोलीत काय, तर तुमच्या ‘परिपूर्णते’चा टक्का दाखवणारं यंत्र. किती मासे पकडायचे राहिले, कुठला पदार्थ अजून रांधला नाही, कुणाशी मैत्री कमी पडली. सगळ्यांचे मिळून गुण. गुणपत्रिका! नोकरी सोडून, शहर सोडून, होडी करून माणूस भर समुद्रातल्या बेटावर गेला तर तिथे त्याला ‘९४ टक्के’ लिहिलेलं सापडतं. मार्च २०२४ च्या सुधारित आवृत्तीत तर फिझ नावाचा एक प्राणी बेटावरच्या गुहेत आला आहे. तो पाच लाख नाण्यांना एक टक्का विकतो. मॅनेजमेंट कोट्याची कल्पना त्यालाही सुचली म्हणायची.

या अक्रोडांवरून खेळणारे कुरकुरतात. शेवटचे चार सापडत नाहीत, रात्र रात्र वाळू उकरावी लागते, ही कसली सुट्टी. पण कंटाळा आला असं मात्र त्यांतला कुणी म्हणताना मी ऐकलेलं नाही. तो शब्द वापरतात ते अक्रोड संपलेले लोक.

ते पुढे काय करतात? माझ्या पाहण्यातले बहुतेक जण एकच गोष्ट करतात. कोट्यवधी नाणी, पिंपांच्या रांगा, सोन्याचं घड्याळ, फुललेलं बेट, सगळं तसंच सोडून मुख्य पडद्यावर जातात आणि नवीन शेत सुरू करतात. पुन्हा ५०० नाणी, पुन्हा १५ बियाणं, पुन्हा दगडधोंड्यांनी भरलेलं रान आणि हातात गळकी झारी. पहिल्या वसंतात एक झेंगट कमी नाही: पैसा नाही, बळ पुरत नाही, बुजगावणं परवडत नाही. आणि त्या वसंताबद्दल लोक जितक्या मायेने बोलतात तितकं बेटाबद्दल कुणी बोलत नाही. माझंही मत तेच आहे. बेट सुंदर आहे, जरूर बघून यावं. पण गेम खरा तो पहिल्या वर्षाचा, खिशात चाळीस नाणी असतानाचा.

कुणाला सुरुवात करायची असेल त्यांच्यासाठी एकच सूचना. पियेरचं दुकान सुरुवातीला बुधवारी बंद असतं. बियाणं मंगळवारीच घेऊन ठेवा.